जुनं गिअर ऑइल ‘ओला’ की ‘सुका’?

संपादक महोदय,

सादर नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गाडीची निगा घरच्या घरी कशी राखावी यावर पानभर मजकूर आला आहे. इंजिन ऑइलला अर्धं पान, वायपरच्या रबराला वेगळी चौकट, आणि गिअर ऑइलला चार ओळी. त्या चार ओळींचा मथितार्थ असा की खालचा नट सोडावा, जुनं तेल काढावं, नवं भरावं आणि ‘जुन्या तेलाची योग्य विल्हेवाट लावावी’. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या ट्रेडला शिल्प निदेशक होतो. आता निवृत्त आहे, पण वर्कशॉपमध्ये ओरडायची सवय गेलेली नाही. त्या चार ओळींवर विसंबून कुणी उत्साहानं गाडीखाली शिरलं तर काय होईल हे मला दिसतं, म्हणून हे पत्र. लांबलं आहे. कात्री लावायचीच असेल तर माझ्या टोमण्यांना लावा, नटांच्या क्रमाला नको.

तर आधी तो क्रम. मॅन्युअल गिअरबॉक्सला सहसा दोन नट असतात. एक तळाशी, तेल सोडायचा. दुसरा बाजूला, जरा वरच्या अंगाला, तेल भरायचा. पातळीही त्याच भोकावरून कळते, कारण इंजिनला असते तशी तेल मोजायची पट्टी बहुतेक गिअरबॉक्सना नसते. पुरवणीत म्हटलंय, खालचा सोडा. नाही! आधी वरचा सोडून बघायचा. तो हातानं फिरायला लागला की मगच खालच्याला पाना लावायचा. वरचा नट वर्षानुवर्षं कुणी हलवलेला नसतो, गंजून बसलेला असतो, कधी त्याची चौकट आधीच्या कुणीतरी खाल्लेली असते. तेल सोडून बसलात आणि वरचा नट निघालाच नाही, तर गिअरबॉक्स कोरडा, गाडी दारात, आणि दुसऱ्या गाडीनं ओढून न्यावी लागणार. मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो, परीक्षेतही हेच विचारायचो, आणि तरीही दर बॅचला कुणीतरी खालीच हात घालायचा.

आता मुळात हे तेल बदलायचं कशाला, असं बरेच जण विचारतात. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्या शेजारणीला सांगितलं, ‘मॅडम, गिअर ऑइल बदलायचं नसतंच, ते आयुष्यभराचं असतं.’ त्यात थोडं तथ्य आहे. इंजिनात पेट्रोल जळतं, काजळी तेलात उतरते, म्हणून ते काळं पडतं आणि लवकर बदलावं लागतं. गिअरबॉक्समध्ये जळत काहीच नाही. पण तिथं दात दातावर घासतात, पितळी सिंक्रो रिंगा (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या) झिजतात, आणि ती धातूची पूड तेलातच फिरत राहते. इंजिनला फिल्टर असतो. छोट्या गाडीच्या गिअरबॉक्सला फिल्टर नसतो. असतं ते फार तर एक लोहचुंबक, आणि पितळ काही चुंबकाला चिकटत नाही. शिवाय दातांच्या चेंगराचेंगरीत तेलाची घट्टीही उतरत जाते. म्हणून गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडून आकडा बघा. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांना तो साधारण 40 हजार ते 80 हजार किलोमीटरच्या दरम्यान सापडेल. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते.

गिअर अडतोय म्हणून लगेच तेल बदलायला धावू नका, हेही सांगतो. पुष्कळदा दुखणं क्लचचं असतं आणि लोक तेलाला दोष देतात. सपाट जागी गाडी उभी करा, इंजिन बंद ठेवा आणि सगळे गिअर टाकून बघा. इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडताहेत आणि सुरू केल्यावर अडताहेत, तर क्लच पुरता सुटत नाही असं समजा. तिथं जगातलं कुठलंही तेल घाला, फरक पडणार नाही. रिव्हर्सचं आणखी वेगळं. पुष्कळ छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. क्लच दाबून दोन सेकंद थांबलं नाही तर ‘कर्रर्र’ होणारच. तो तेलाचा नाही, घाईचा आवाज. मात्र सकाळी गार गाडीत पहिल्याचा दुसरा टाकताना अडतोय, किंवा पळत्या गाडीत दुसऱ्या-तिसऱ्याला घासल्यासारखं होतंय, तर तेल बघायला हरकत नाही. सिंक्रो पार झिजली असेल तर नव्या तेलानं ती परत येणार नाही, एवढं मात्र धरून चाला.

तेल आणायला दुकानात गेलात की खरी गंमत सुरू होते. डब्यावर जीएल-4 किंवा जीएल-5 असं छापलेलं असतं. काउंटरवरचा पोऱ्या म्हणतो, ‘साहेब, पाच न्या, चारपेक्षा भारी.’ ही परीक्षेतली श्रेणी नव्हे, कुठलं तेल कुठल्या गिअरला याची खूण आहे. जीएल-5 हे मागच्या डिफरन्शियलसाठी (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरसंच), म्हणजे जीप, बोलेरो, ट्रक यांच्या मागच्या ॲक्सलमधल्या हायपॉइड गिअरसाठी आहे. तिथं दात एकमेकांवरून सरपटतात, दाब भयंकर असतो, म्हणून तेलात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जीएल-4 च्या जवळजवळ दुप्पट घातलेली असतात. तीच द्रव्यं पितळी सिंक्रो रिंगांना बाधू शकतात. शिवाय सिंक्रोला थोडं घर्षण लागतं. रिंगेनं गिअरला पकडून त्याचा वेग जुळवायचा असतो. फार निसरडं तेल घातलं की ती पकडच सुटते आणि गिअर पूर्वीपेक्षा जास्त खरखरतो. पुढची चाकं ओढणाऱ्या आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, आणि त्याचे दात हायपॉइड नसतात, म्हणून तिथं जीएल-4 पुरतं. अपवाद आहेत. काही कंपन्या जीएल-5 सांगतात, होंडासारख्यांचं स्वतःचं वेगळं पातळ तेल असतं. पुस्तिकेत लिहिलंय तेच घ्या, पोऱ्याचं ऐकू नका आणि माझंही ऐकू नका.

दुसरा घोळ तेलाची जाडी सांगणाऱ्या आकड्यांचा. 75डब्ल्यू-90 पाहून लोक म्हणतात, इंजिनमध्ये 40 घालतो, हे तर दुपटीहून जाड! गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. गिअर ऑइलचा 90 हा गरम असताना इंजिन ऑइलच्या 40 ते 50 इतकाच जाड असतो. आणि पुस्तिकेत 75डब्ल्यू-80 असेल तर ‘आपल्याकडे उन्हाळा कडक’ म्हणून मनानं जाड तेल घालू नका. जाड तेल घालून गिअरबॉक्सचा रडका आवाज लपवायची युक्ती जुन्या गाड्यांच्या बाजारात चालते. तिथं गाडी घेताना कानाला गोड वाटलं म्हणून भुलू नये. गार असताना दुसरा गिअर टाकून बघावा.

किती तेल लागतं? छोट्या गाडीला दोन-अडीच लिटर. तीन लिटर आणा, उरलेलं झाकण लावून ठेवा. ऑटोमॅटिकवाल्यांनी हे पत्र इथंच मिटवावं. सीव्हीटी, ड्युअल क्लच, टॉर्क कन्व्हर्टर यांची तेलं आणि पद्धती वेगळ्या आहेत. एएमटी हा आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, पण क्लच-गिअर आपोआप चालवणारी जी यंत्रणा त्याच्यावर बसवलेली असते तिला घरी हात लावू नये असं माझं मत.

गाडी उचलण्याबद्दल पुरवणीत एक अक्षर नाही, आणि जीव जातो तो इथं. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा नको. विटांवर तर नकोच. वीट फुटते ती न सांगता फुटते. घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे लोखंडी स्टँड, मिळतात ते आणा, नाहीतर माझी पद्धत वापरा. जाड लाकडी फळ्या एकावर एक ठोकून चार पायऱ्या करायच्या आणि चारही चाकं एकदमच त्यांच्यावर चढवायची. गाडी चार-पाच इंच उचलली जाते, जॅक लागतच नाही, आणि मुख्य म्हणजे गाडी सपाट राहते. पातळी भोकाच्या कडेवरून ठरवायची असल्यानं गाडी सपाट हवी. नुसतं पुढून उचलून तेल भरलंत तर ते कमी तरी बसेल नाहीतर जास्त तरी. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. एकट्यानं करू नका. घरात कुणाला तरी सांगून ठेवा.

आधी गाडी दहा-बारा किलोमीटर फिरवून आणा. तेल कोमट झालं की पातळ होतं आणि तळातली पूड घेऊन बाहेर येतं. फार तापवू नका, हात भाजतील. मग वरचा नट, मग खालचा. पाना बरोबर मापाचा पाहिजे. काही गाड्यांत नटाला बाहेरून पाना बसतो, काहींत आत षटकोनी खाच असते, काहींत चौकोनी, जिच्यात गोटीपान्याचा दांडाच थेट बसतो. ‘जवळपास’ मापाचा पाना लावला की नटाचे कोपरे गोल झालेच म्हणून समजा.

खालच्या नटाचे शेवटचे आटे राहिले की पाना बाजूला ठेवायचा आणि बोटांनी फिरवायचं. फिरवताना नट आत दाबून धरायचा. अंगठ्याला आटे संपल्याचं कळतं, नट सैल डुलतो. तेव्हा तो एका झटक्यात बाजूला ओढायचा, म्हणजे तेलाची धार घमेल्यात पडते, बाहीत शिरत नाही. वास येईल. गंधकाचा, कुजकट, आणि साबणानं एका धुण्यात न जाणारा. नवशिके घाबरतात, तेल सडलं म्हणतात. नव्या डब्यालाही तोच वास असतो.

धार बारीक होऊन थेंबांवर येईतो नटाकडे बघा. त्याच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाचा लगदा बसलेला दिसेल. चिमटीत घेऊन चोळा. लोण्यासारखा गुळगुळीत लागला तर काळजी नाही, ती नेहमीची झीज. बोटाला कण टोचला, चकचकीत चुरा दिसला, तर प्रकरण वेगळं. दाताचा तुकडा निघाला तर तेल भरून गाडी थेट चांगल्या मिस्त्रीकडे न्या. तेलात उन्हात सोनेरी झाक दिसली तर ती पितळेची. थोडी असली तर वयाप्रमाणे, फार असली तर सिंक्रो जाताहेत. हा भाग मला सगळ्यात आवडतो. माणूस डॉक्टरला खोटं सांगेल, गिअरबॉक्स सांगत नाही.

चुंबक पुसा, वॉशर नवा घाला. तांब्याचा किंवा ॲल्युमिनिअमचा तो वॉशर चेपूनच सील करतो, म्हणून जुना परत वापरायचा नाही. किंमत किरकोळ असते, आणि तो न बदलल्यामुळे गळणारी गाडी मी असंख्य वेळा पाहिली आहे. नट आवळताना पान्यावर उभं राहायचं नाही. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनिअमचं, नट लोखंडाचा. आटे गेले तर कवचाचेच जातात. किती आवळायचा तो आकडा पुस्तिकेत किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो, टॉर्क पाना भाड्यानंही मिळतो.

भरायचं काम चिकाटीचं. भोक बाजूला, जागा अडचणीची, तेल घट्ट. बॉनेट उघडून वरून लांब पारदर्शक नळी खाली भोकात सोडा आणि वर नरसाळं बांधा. एक जण वरून बारीक धारेनं ओतेल, दुसरा खाली नळी धरेल. भोकाच्या खालच्या कडेवरून तेल बाहेर यायला लागलं की थांबायचं, जादाचं ओघळून जाऊ द्यायचं, मग नट लावायचा. ‘असू दे थोडं जास्त’ म्हणून भोकाच्या वर भरू नका. फेस होतो, दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर येतं. निघालेलं तेल मोजायला विसरू नका. पुस्तिकेत सव्वादोन लिटर लिहिलंय आणि घमेल्यात दीड लिटरच पडलं, तर बाकीचं कुठून तरी गळत होतं. ॲक्सलची सीलं तपासा.

आणि ज्यांना घरी करायचंच नाही त्यांच्यासाठी एक युक्ती. गॅरेजला गाडी देण्याआधी नट आणि कवच यांच्यावरून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेवा. गाडी परत आल्यावर रेघ तशीच अखंड असेल, तर बिलातल्या ‘गिअर ऑइल’ या ओळीबद्दल शांतपणे विचारा.

सांगलीकरांना एक गोष्ट जास्तीची सांगायला हवी, आणि पुरवणीत ती नसावी याचं मला नवल वाटलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 फूट. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर. दोन्ही वेळी गावभागापासून शामरावनगरापर्यंत गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी इंजिन ऑइल बदललं, सीटा उन्हात टाकल्या, वायरिंग तपासलं. गिअरबॉक्स कुणाला आठवला नाही. गिअरबॉक्सला वर एक छोटी श्वासनळी असते. गरम गिअरबॉक्स पाण्यात बुडाला की आतली हवा एकदम आकसते आणि त्या नळीतून पाणी आत ओढलं जातं. गाडी नुसती उभी असतानाही पाणी नळीच्या वर गेलं की हळूहळू शिरतंच.

माझ्या शेजारणीची गाडी अशीच पुरात उभी होती. त्या वकील आहेत, न्यायालयातून आल्या की आमच्या कट्ट्यावर चहाला येतात. पुरानंतर विम्याच्या पैशात वरचं सगळं झालं. मग कधीतरी गिअर टाकताना रात्रीच्या शांततेत एक बारीक कुईकुई ऐकू यायला लागली. सर्व्हिस सेंटरनं ‘आयुष्यभराचं तेल’ सांगून पाठवलं ते याच गाडीला. शेवटी त्या म्हणाल्या, ‘सर, तुम्ही शिकवा, मी करते. मला फक्त कुठल्या नटाला हात लावायचा ते दाखवा.’ मी फळ्या काढून दिल्या. त्यांनी जुना पंजाबी ड्रेस घातला, डोक्याला रुमाल बांधला आणि आडव्या झाल्या. पाना चालवायला त्या माझ्या कित्येक विद्यार्थ्यांहून बऱ्या निघाल्या, कारण त्या विचारून करत होत्या. खालचा नट सुटला आणि घमेल्यात जे पडलं ते पाहून त्या म्हणाल्या, ‘सर, हे काय?’ तेल गढूळ, पांढरट, तळाशी पाण्याचे वेगळे मणी. अशा वेळी एकदा बदलून भागत नाही. नवं तेल भरून थोडी गाडी फिरवायची, ते काढायचं, आणि पुन्हा भरायचं. दुसऱ्या वेळचंही थोडं पांढरट निघालं. तिसऱ्या भरणीनंतर स्वच्छ राहिलं. कुईकुई मात्र पूर्ण गेली नाही. बेअरिंगला गंज लागलाच होता. पुरानंतर लगेच केलं असतं तर तेवढ्यावर निभावलं असतं. पुन्हा पाणी येईल तेव्हा हे लक्षात ठेवा. बुडालेल्या गाडीचं इंजिन आधी सुरू करू नये हे सगळ्यांना पाठ झालंय. गिअरबॉक्सचं तेल काढून बघा, हेही त्याच यादीत घाला.

पण या सगळ्यात आमच्या अंगणात काय साचलं, हा या पत्राचा खरा मुद्दा. तीन भरण्यांचं तेल, म्हणजे सहा-सात लिटर, काही पाणी मिसळलेलं, सगळं वास मारणारं. ‘योग्य विल्हेवाट लावावी’ असं आपली पुरवणी म्हणते. ती कुठं लावायची ते आम्ही शोधायला निघालो.

पहिला पर्याय भंगारवाला. तो हसत घ्यायला तयार झाला. ‘काका, शटरिंगला लागतं.’ म्हणजे सेंट्रिंगच्या फळ्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून ते फासणार, आणि पावसात ते जमिनीत उतरणार. कुणी म्हणालं, कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी लावा. आमच्या लहानपणी सगळे लावायचेच, गोठ्याच्या दारांना, बैलगाडीच्या लाकडाला. जुन्या तेलात काय उतरलेलं असतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. दुसरा पर्याय मोठं सर्व्हिस सेंटर. त्यांच्याकडे जुन्या तेलाचे बॅरल असतात, नोंदणीकृत पुनर्वापरवाला ते घेऊन जातो. तिथला माणूस नम्रपणे म्हणाला की आमच्या नोंदवहीत आमच्याच गाड्यांचं तेल धरलं जातं, बाहेरचं घेता येत नाही. मग एका सरकारी कार्यालयात गेलो. वकीलबाई सोबत होत्या म्हणून आम्हाला खुर्ची मिळाली. लिपिकानं सगळं ऐकून घेतलं आणि पेन उचलून विचारलं, ‘ओला की सुका?’

मी त्याला दोष देत नाही. त्याच्या फॉर्मवर दोनच रकाने होते.

आता नियम काय म्हणतात ते वकीलबाईंनी काढलं, मी फक्त उतरवतो. वापरलेलं तेल हे 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतं. कारखाने आणि गॅरेजं यांनी ते नोंदणीकृत पुनर्वापरवाल्यालाच द्यायचं. त्याच वर्षी आलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत घरगुती घातक कचऱ्याची व्याख्या होती. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले थर्मामीटर, जुन्या बॅटऱ्या, सुया, आणि शेवटी ‘इत्यादी’. आमचं सात लिटर तेल त्या ‘इत्यादी’त बसतं असं वकीलबाईंचं म्हणणं, आणि मला ते पटलं. त्याच नियमांनी स्थानिक संस्थांना सांगितलं की असा कचरा जमा करायला दर 20 चौरस किलोमीटरमागे, किंवा त्याहून लहान भागालाही, एक केंद्र असावं. पुढे एप्रिल 2024 पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेलं तेल पुनर्वापरात जाईल हे पाहण्याची जबाबदारी टाकली गेली. म्हणजे कागदावर घरचं तेल घ्यायला जागा आहे, कंपनीवर बंधन आहे, पुनर्वापर करणारे आहेत. नाही तो फक्त अंगणातून तिथवरचा रस्ता.

माझी पुतणी टेक्सासमध्ये असते. तिचा नवरा स्वतः गाडीची कामं करतो. तिथं गाडीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांच्या मोठ्या साखळ्या जुनं इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल फुकट परत घेतात. डबा घेऊन जायचं, मागच्या टाकीत ओतायचं, डबा परत आणायचा. अमेरिकेचं सगळंच चांगलं असं म्हणणाऱ्यातला मी नाही. ती माणसं कोपऱ्यावरच्या दुकानालाही गाडी काढतात. पण ही एक गोष्ट घेण्यासारखी आहे, आणि त्याला फार मोठी यंत्रणाही लागत नाही. जो तेल विकतो त्यानं तेवढंच जुनं तेल परत घ्यायचं. दुकानात एक बॅरल, महिन्यातून एकदा पुनर्वापरवाल्याची गाडी. तेलाला भाव आहे, ते फुकट जाणार नाही. पाणी मिसळलेलं आणि स्वच्छ तेल मात्र वेगळं ठेवायला हवं, आणि त्यात ब्रेक ऑइल, कूलंट, रॉकेल घालायचं नाही, नाहीतर सगळं बॅरल बाद. रिकामे डबे द्यायच्या आधी त्यांना खिळ्यानं भोक पाडा. अखंड डबे बनावट तेल भरून परत बाजारात येतात.

हे सगळं होईस्तोवर लोक काय करतात ते मी सांगायला नको. रात्री गटारात ओततात. आमच्याकडे गटार म्हणजे शेरी नाला, आणि शेरी नाला कृष्णेत जातो हे सांगलीत शाळकरी पोरालाही माहीत आहे. त्याच कृष्णेचं पाणी आपण पितो. वाचकांना घरी तेल बदलायला शिकवायचं आणि जुन्या तेलावर एका वाक्यात हात झटकायचे, हे वर्तमानपत्रानं तरी करू नये.

आमचं तेल शेवटी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं घेतलं. त्याचं छोटं गॅरेज आहे, दोन बॅरल आहेत. ‘सर, ठेवा ना, त्यात काय’ म्हणाला. पण प्रत्येकाला आयटीआयचा विद्यार्थी कुठून मिळणार? म्हणून आपल्याला एक विनंती आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून आपल्या जिल्ह्यातल्या नोंदणीकृत तेल गोळा करणाऱ्यांची यादी मागवा आणि ती पुरवणीच्या त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. आपल्या वार्ताहराला ती एका फोनवर मिळेल. आम्हाला मिळायला पावसाळा जाईल. पत्त्यासोबत वेळही द्या, आणि दोन-तीन लिटर घेतात की नाही तेही विचारा. पेन्शनरांना वारांचं काही नाही, पण गाडीखाली शिरणाऱ्या बाकीच्यांना रविवारच असतो.

आपला वाचक,
एक निवृत्त शिल्प निदेशक (मोटर मेकॅनिक ट्रेड), सांगली